घरची चित्रफीत टीव्हीवर

आमच्या तीर्थरूपांना आतां शेताच्या धुऱ्यापर्यंत जाववत नाहीं. सबब रोवण्याची चित्रफीत मोबाईलवर घेऊन आम्हीं ती घरच्या टीव्हीवर दाखविली. यांत इंटरनेटचा डेटा खर्ची पडत नाहीं. मोबाईल व टीव्ही एकाच वायफाय राउटरास जोडले म्हणजे, एका बांधींतलें पाणी दुसरींत जावें, तशी चित्रफीत घरांतल्या घरांत जाते. मात्र टीव्हींत ‘डीएलएनए’ सोय व मोबाईलांत तिचें ॲप असावें. ही सोय ठरविणारा कंपन्यांचा संघ २००३ सालीं स्थापन होऊन २०१७ सालीं विसर्जित झाला. तरी पुष्कळ संचांत ती अद्याप चालते.

चित्रफीत पाहतां तीर्थरूप म्हणाले, “वरच्या बांधीचें पाणी फुटतें आहे, धुरा पाहून ये.” जाऊन पाहतों तों धुरा खचलेला! मोबाईलच्या लहान पडद्यावर तें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.