नाव टेलर स्विफ्टचं, भुर्दंड भलत्यालाच

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या सर्वांत चिमुकल्या राज्यात वॉच हिल नावाचं समुद्रकाठचं टुमदार ठिकाण आहे. गायिका टेलर स्विफ्टने २०१३ मध्ये तिथे १ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरला बंगला घेतला. पुढे सुट्टीतल्या महागड्या घरांवर राज्याचा कर बसवायची टूम निघाली आणि लोकांनी त्या कराला तिचंच नाव चिकटवलं. गव्हर्नर जीना रायमोंडो यांचा २०१५ चा प्रस्ताव बारगळला. २०२५ मध्ये मात्र तशीच तरतूद अर्थसंकल्पात शिरली आणि गव्हर्नर डॅन मकी यांच्या सहीविनाच कायदा झाला. अंमल १ जुलै २०२६ पासून.

हिशेब सोपा आहे. मालक वर्षातला बराच काळ राहत नसेल आणि घराचं सरकारी मूल्यांकन १० लाख डॉलरवर गेलं असेल, तर वरच्या रकमेतल्या दर ५०० डॉलरमागे अडीच डॉलर. १५ लाखांच्या घराला वर्षाला २,५०० डॉलर. गावची घरपट्टी वेगळीच.

स्विफ्टला यापेक्षा कितीतरी मोठं बिल आलं तरी तिचं काही अडणार नाही. अडतं ते आजोबांनी स्वस्ताईत बांधलेलं घर वाट्याला आलेल्या भावंडांचं. किनाऱ्यावरचे भाव चढले म्हणून कागदावर ती लक्षाधीश. हातात रोकड नाही. सामाईक घराचा खर्च कोणी किती उचलायचा, यावरून काय होतं ते कोकणात घर असलेल्यांना सांगायला नको.

खरी मेख सवलतीत आहे. घर वर्षातून १८३ दिवसांहून जास्त भाड्याने दिलं, तर कर माफ. पण समुद्रकाठी गिऱ्हाईक येतं ते जून ते सप्टेंबर. जानेवारीच्या बोचऱ्या वाऱ्यात तिथे कोण राहायला जाणार? त्यातून नॅरागॅन्सेट या किनाऱ्यावरच्या गावाची तऱ्हा निराळी. जवळच्या विद्यापीठाचे विद्यार्थी सप्टेंबर ते मे तिथली घरं भाड्याने घेतात. म्हणजे गावाला विद्यापीठाचा शेजार असला तर मालक सुटला, नसला तर सापडला!

शिवाय यातले कित्येक मालक दुसऱ्या राज्यांतले. त्यांचं मतदान तिकडे. मत नाही तिथे कर कशाला, हा सवाल ऱ्होड आयलंडला नवा नाही. १७७२ मध्ये इथल्याच लोकांनी ब्रिटिशांचं ‘गॅस्पी’ हे जकातीचं जहाज पेटवून दिलं होतं.

शिक्षकाला, अग्निशमन दलातल्या जवानाला स्वतःच्या गावात घर परवडत नाही, हे समर्थकांचं दुखणं अस्सल आहे. पण करापायी विकायला निघालेलं १५ लाखांचं घर शिक्षक घेणार नाही. ते आणखी श्रीमंत माणूस घेईल. घेणाऱ्याला २,५०० डॉलर जड नसतील, एवढाच काय तो फरक. निदान हंगामी भाड्याचे दिवस तरी सवलतीसाठी धरावेत आणि वारशाने आलेलं घर विकेपर्यंत ही वसुली थांबवावी. विक्रीच्या वेळी पैसा हातात असतो; तेव्हा मागायला हरकत नाही.