४० मिनिटांत २७ आवर्तनं

आपल्यापैकी कितीजणांच्या कपाटात गांधर्व महाविद्यालय मंडळाचं एखादं सर्टिफिकेट पडलंय? प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, फार तर प्रवेशिका पूर्ण. मग दहावी येते, गणिताचा क्लास नेमका गाण्याच्या वेळेवर बसतो आणि हार्मोनियमवर इस्त्रीचे कपडे जमायला लागतात. पुढे ऑफिसच्या फॅमिली डेला ‘अगं, तू गायचीस ना?’ एवढंच काय ते उरतं. पण काही वेडे थांबत नाहीत. मध्यमा करतात, विशारद करतात, वर घरच्यांशी भांडून बीएलाही संगीतच घेतात. आणि शेवटच्या वर्षी त्यांच्यापुढे उभं राहतं ते मंचप्रदर्शन. आहे परीक्षाच, पण स्टेजवर, साथीदारांसकट, चारचौघांसमोर.

माझ्या रूममेटची धाकटी बहीण पुण्यातच गाणं शिकते. यंदा तिचं शेवटचं वर्ष. (‘ताई, नाव छापू नकोस हं, निकाल लागायचाय,’ असा दम मिळाल्यामुळे ती इथे ‘ती’च.) मार्चअखेरीपासून तिचा मुक्काम आमच्या फ्लॅटवर होता, त्यामुळे या परीक्षेचं प्लॅनिंग मला अगदी जवळून बघायला मिळालं. प्रॉडक्ट लाँच परवडला, बॉस!

पहिला घोळ वेळेचा. टाइमटेबल लागलं आणि तिच्या नावापुढे होतं, मंगळवार, दुपारी सव्वाबारा. तिची तयारी होती बागेश्रीची. तीन वर्षं घोटलेला, झोपेतसुद्धा बिनचूक येईल असा राग. पण बागेश्री म्हणजे रात्र. सव्वाबाराला, खिडकीतून मे महिन्याचं ऊन आत येत असताना बागेश्री?

आता तुम्ही म्हणाल, काय फरक पडतो? आपण नाही का कंपनीच्या बसमध्ये सकाळी साडेआठला कानात मालकंस घालून बसत? खरंय. रेकॉर्डिंगने रागांचं घड्याळ कधीच मोडलंय. शिवाय मैफिलीचं घड्याळही काही दगडावरची रेघ नाही. भीमसेन जोशींनी १९५३मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात आमच्या बाबांच्या पिढीने रात्र-रात्र जागून गाणं ऐकलंय. २०००मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर लाउडस्पीकरवर बंदी आली. मग मैफिली दुपारी सुरू व्हायला लागल्या आणि मुलतानी, भीमपलास, मधुवंती अशा दुपारच्या रागांना मोठं स्टेज मिळालं. सरकारी नियमाने रागांचं नशीब फिरवलं म्हणा ना.

तिच्या बाईंचं म्हणणं एकदम प्रॅक्टिकल होतं. ‘तुला जो येतो तो गा. मार्क वेळेला नसतात, सुराला असतात.’ कॉलेजमधल्या सरांचं मत उलटं. तोंडी परीक्षेत समयचक्र पाठ म्हणून दाखवायचं आणि स्टेजवर ते गुंडाळून ठेवायचं, हे त्यांना पटेना. ती दोन रात्री नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करता करता म्हणाली, ‘मी शुद्ध सारंग गाते.’

शुद्ध सारंग तिला शिकून जेमतेम सात महिने झाले होते. भरदुपारचा राग, पण दिसतो तेवढा सोपा नाही. यात गंधार नाहीच आणि मध्यम दोन, तीव्र आणि शुद्ध. तीव्र मध्यमावरून शुद्ध मध्यमावर येऊन रिषभावर उतरायचं, तो उतार चुकला की राग गेला. हाताशी हुकमी बागेश्री असताना हा उद्योग कशाला, असं मी विचारलंही. ‘बागेश्री मी लाइट गेलेले असतानाही गाईन. पण त्या उन्हात मला स्वतःलाच ते खोटं वाटेल.’ यावर काय बोलणार?

मग गणित. एकूण ४० मिनिटं, त्यातच स्टेजवर बसणं आणि जुळवाजुळव. बडा ख्याल विलंबित एकतालात, म्हणजे १२ मात्रा. ती गाते त्या लयीत एक मात्रा साधारण चार सेकंदांची. म्हणजे एक आवर्तन ४८ सेकंदांचं. बड्या ख्यालाला २२ मिनिटं धरली तर आवर्तनं मिळतात फक्त २७! एवढ्यात खर्जापासून सुरुवात करून आलापी, अंतरा, सरगम, ताना, सगळं बसवायचं. माझी रूममेट आयटीतली. तिने बहिणीच्या प्रेमापोटी चक्क एक्सेल शीट केली. कुठल्या आवर्तनात कुठल्या सुरापर्यंत पोचायचं याचे रंगीत रकाने! बाईंनी चष्मा लावून ती नीट बघितली. म्हणाल्या, ‘अगं, गाताना लय वाढत जाते. तुझी शीट वाढते का?’ पण कागद फाडला नाही. त्यातली एक ओळ ठेवली, पंधराव्या आवर्तनाच्या आत तार षड्ज. बाकी सगळं विसरायला सांगितलं.

खरी कापाकापी पुढे झाली. तिच्या मूळ यादीत बडा ख्याल, छोटा ख्याल, तराणा आणि शेवटी नाट्यपद होतं. तराणा उडाला. ती रडली, कारण तराणा तिने स्वतः बांधला होता. मग नाट्यपद उडवून तराणा ठेवायचा का, यावर आमच्या हॉलमध्ये रात्री एकपर्यंत वाद. शेवटी नाट्यपद राहिलं, कारण परीक्षकांना उपशास्त्रीय किंवा सुगम काहीतरी हवंच असतं. बाईंनी अजून एक गोष्ट बजावली, ‘परीक्षक कुठेही थांबवतील. तेव्हा कुठेही थांबवलं तरी गाणं अर्धवट वाटणार नाही, असं गा.’ आमच्या क्लायंट प्रेझेंटेशनला हे कुणी शिकवलं असतं तर!

साथीदारांचं काम मात्र पैशांवाचून झालं. तबल्याच्या वर्गातल्या मुलाला त्याच्या सोलो वादनासाठी लेहरा धरणारं कुणीतरी हवं होतं. हिने त्याच्यासाठी पेटीवर लेहरा धरायचा, त्याने हिला ठेका द्यायचा. सरळ सौदा. पेटीवर एक सीनियर, त्याला मिसळ.

तानपुऱ्यांनी मात्र घाम काढला. हिची पट्टी काळी चार, हिच्या आधी गाणाऱ्या मुलाची काळी एक. दोघांना एकच जोडी चालत नाही. तारांची जाडीच वेगळी असते. त्यामुळे मुलींच्या पट्टीची जोडी आधीच नाव घालून अडवून ठेवावी लागते. तिला मिळालेल्या जोडीतल्या एकाची तार जुनी झालेली. नवीन घातली तर ती पहिले काही दिवस ताणली जाऊन सारखी उतरत राहते, म्हणून हे काम आठवडाभर आधी उरकलं. जोडी मिरजेची. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण रिक्षावाल्याला त्याचं काय? ‘हा भोपळा मांडीवर घ्या, सीटवर नको,’ म्हणाला. शिवाय बाहेरच्या उकाड्यातून एसी हॉलमध्ये आलं की तानपुराही बिघडतो आणि तबलाही. म्हणून वाद्यं तासभर आधीच हॉलमध्ये नेऊन ठेवायची ठरली. आणि हो, साडी नेसून ४० मिनिटं मांडी घालून बसायची प्रॅक्टिसही झाली. पहिल्या दिवशी उठवायला दोघी लागल्या.

एवढा आटापिटा कशासाठी, हे मला एका रात्री कळलं. तिने बीकॉम बाहेरून केलंय. खराडीच्या एका बॅक ऑफिसमध्ये नोकरी लागलीये, जुलैत जॉइनिंग. घरी पेढे वाटून झाले होते. गॅलरीत बसून ती म्हणाली, ‘ताई, यानंतर सलग चाळीस मिनिटं मला कोण ऐकून घेणार आहे?’ मी तिला ‘असं काही नसतं गं’ वगैरे म्हणणार होते. म्हटलं नाही.

मंगळवारी मी अर्धी सुटी टाकून शेवटच्या रांगेत बसले. ती सव्वाबाराऐवजी पाऊण वाजता स्टेजवर आली, ऊन अजून कडक झालेलं. तार षड्ज तेराव्या आवर्तनाला लागला. मी बोटं मोजत होते. एकदा त्या दोन मध्यमांच्या उतारावर ती अडखळली. तिथेच थांबली, तोच उतार पुन्हा घेतला, या वेळी सावकाश, आणि तबलजीने मान हलवली. एकोणिसाव्या मिनिटाला परीक्षकांनी हात वर केला, ‘द्रुत घ्या.’ तिने चालू तान संपवली, मुखडा धरला, समेवर आली आणि लगेच छोटा ख्याल सुरू केला. बाहेरून आलेल्या माणसाला कळलंही नसतं की तीन मिनिटं कापली गेलीत. नाट्यपदाची दोनच आवर्तनं ऐकून परीक्षकांनी ‘छान’ म्हटलं आणि पुढचं नाव पुकारलं.

निकाल अजून लागायचाय. तिची शिफ्ट ठरलीये, दुपारी दोन ते रात्री अकरा. म्हणजे संध्याकाळचे यमन-पूरिया गेलेच. परवा फोन आला होता, बाईंकडे सकाळी सातची वेळ मिळाली म्हणून. तोडी शिकायचा राहिलाय म्हणाली.