एक देश, दोन सरकारे

दहा रुपयांची एक नोट हातात घ्या आणि तिची मागची बाजू नीट पाहा. तेथे एका पट्टीत नोटेची किंमत पंधरा भाषांत लिहिलेली दिसेल. त्यांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. ही नोट मालेगावात चालते, तशीच ती कोलकात्यात आणि चेन्नईतही चालते. या तिन्ही शहरांतले टपाल खाते एकच आहे आणि रेल्वेही एकच आहे. पण मालेगावच्या चौकात उभा असलेला पोलीस महाराष्ट्र सरकारचा असतो, तर कोलकात्याचा पोलीस पश्चिम बंगाल सरकारचा असतो.

म्हणजे आपल्या देशात एकाच वेळी दोन सरकारांचा कारभार चालतो. दिल्लीला केंद्र सरकार आहे आणि प्रत्येक राज्यात राज्य सरकार आहे. दोन्ही सरकारे आपणच मते देऊन निवडतो. मग नोटा कोणी छापायच्या आणि पोलीस कोणी नेमायचे, हे कोणी ठरवले? उद्या एका सरकारने दुसऱ्याचे काम आपल्याकडे ओढून घेतले, तर त्याला कोण अडवणार?

या प्रश्नांची उत्तरे भारताच्या राज्यघटनेत आहेत. उर्दूत तुम्ही तिला 'आईन' किंवा 'दस्तूर' म्हणता. घटना समितीने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ती स्वीकारली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली.

ज्या देशात सत्ता केंद्र आणि राज्ये यांच्यात वाटलेली असते, त्या देशाला संघराज्य म्हणतात. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात संघराज्याचे मुख्य तत्त्व समजावून सांगितले. केंद्र आणि राज्ये यांच्यातील सत्तेची वाटणी केंद्राने केलेल्या कायद्याने होत नाही, तर ती राज्यघटनेनेच केलेली असते, असे ते म्हणाले. याचा अर्थ असा, की राज्यांचे अधिकार ही केंद्राची मेहेरबानी नाही. दोन्ही सरकारांना अधिकार एकाच ठिकाणाहून, म्हणजे घटनेतून मिळतात.

घटनेने ही वाटणी कशी केली आहे, ते आता पाहू. घटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत. पहिली संघसूची. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, टपाल, चलन असे साऱ्या देशाचे विषय तिच्यात आहेत. त्यांवर फक्त संसद कायदे करते. दुसरी राज्यसूची. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमीन, बाजार हे विषय तिच्यात आहेत. त्यांवर साधारणपणे राज्याचे विधिमंडळ कायदे करते. तिसरी समवर्ती सूची. तिच्यातील विषयांवर दोघांनाही कायदे करता येतात. मूळ घटनेत संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते. जो विषय तिन्ही सूचींत नाही, तो केंद्राकडे जातो.

समवर्ती सूचीतील एखाद्या विषयावर केंद्राने एक कायदा केला आणि राज्याने त्याच्या उलट कायदा केला, तर काय होईल? घटनेने याचाही विचार केला आहे. अशा वेळी केंद्राचा कायदा चालतो. मात्र राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींनी संमती दिली असेल, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. पुढे संसदेला तोही बदलता येतो.

तुमची शाळा हे या वाटणीचे अगदी जवळचे उदाहरण आहे. शिक्षण हा विषय पूर्वी राज्यसूचीत होता. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आणला. म्हणूनच सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा २००९ साली संसदेला करता आला. पण महाराष्ट्रातील शाळांसाठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे काम राज्याचे पाठ्यपुस्तक मंडळ करते. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी प्रत्येक राज्याने सोय करण्याचा प्रयत्न करावा, असे घटनेच्या ३५०-क या कलमात सांगितले आहे. हे कलम १९५६ साली घटनेत आले. महाराष्ट्रातील मुलांना उर्दूतून आणि कर्नाटकातील मुलांना मराठीतून शिकता यावे, यामागे या कलमाचाही आधार आहे.

हे सारे लिहून ठेवण्याची काय गरज होती, असे तुम्हाला वाटेल. त्यासाठी दुसऱ्या एका देशाकडे पाहू. ब्रिटनमध्ये आपल्यासारखी एका ग्रंथात लिहिलेली राज्यघटना नाही. तेथे संसदेचा शब्द शेवटचा असतो. ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडला १९२१ पासून स्वतःची संसद होती. १९७२ साली तेथे हिंसाचार वाढला, तेव्हा लंडनच्या संसदेने कायदा करून त्या संसदेचे काम थांबवले. १९७३ साली दुसरा कायदा करून ती कायमची बंद केली. उत्तर आयर्लंडची संसद लंडनच्या कायद्याने जन्मली होती आणि लंडनच्या कायद्यानेच ती संपली.

भारतात केंद्राला असे करता येत नाही. एखाद्या राज्याचा कारभार घटनेप्रमाणे चालणे अशक्य झाले, तर ३५६ व्या कलमाप्रमाणे तेथे राष्ट्रपती राजवट लागू करता येते. पण तिला दोन महिन्यांच्या आत संसदेची मान्यता घ्यावी लागते. ती एका वेळी सहा महिने चालते आणि तीन वर्षांपलीकडे नेता येत नाही.

या कलमाचा गैरवापर होतो, अशी तक्रार अनेक वर्षे होत होती. १९८९ साली कर्नाटकात एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री होते. त्यांच्या पक्षाच्या काही आमदारांनी पाठिंबा काढून घेतल्याची पत्रे राज्यपालांना दिली. 'माझे बहुमत विधानसभेत तपासा' अशी मागणी बोम्मई यांनी केली. ती संधी त्यांना मिळाली नाही. सरकार बरखास्त झाले आणि राष्ट्रपती राजवट आली. बोम्मई न्यायालयात गेले. ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला. सरकारला बहुमत आहे की नाही, हे विधानसभेच्या सभागृहातच ठरले पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. राष्ट्रपती राजवट योग्य कारणाने लावली की नाही, हे न्यायालय तपासू शकते, हेही स्पष्ट केले. या निकालाने बोम्मई यांना त्यांचे पद परत मिळाले नाही. मात्र त्यानंतर राज्य सरकारे बरखास्त करण्याचे प्रकार पुष्कळ कमी झाले.

राज्याराज्यांतही तंटे होतात. कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पुढे इतर राज्यांतून वाहत जाऊन समुद्राला मिळते. तिच्या पाण्यावर हक्क कोणाचा? घटनेच्या २६२ व्या कलमाने अशा तंट्यांसाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्याप्रमाणे १९५६ साली कायदा झाला आणि १९६९ साली कृष्णेसाठी लवाद नेमला गेला. लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशाला ८०० अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. वाद पूर्ण मिटला नाही, पण तो कायद्याच्या मार्गाने चालत राहिला.

मग ही लिहिलेली वाटणी कधीच बदलता येत नाही का? बदलता येते, पण एकट्या केंद्राला नाही. त्यासाठी संसदेत विशेष बहुमत लागते आणि निम्म्याहून कमी नाहीत इतक्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. पूर्वी कारखान्यातील मालावर केंद्र कर घेई आणि विक्रीवर राज्ये कर घेत. या करांच्या जागी वस्तू व सेवा कर आणण्यासाठी २०१६ साली १०१ वी घटनादुरुस्ती झाली. राज्यांनी संमती दिली आणि १ जुलै २०१७ पासून नवा कर सुरू झाला. त्याचे दर सुचवणाऱ्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आणि सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश असते. निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात. त्यामुळे तेथे कोणालाही एकट्याने निर्णय घेता येत नाही.

तरीही आपल्या घटनेचा कल केंद्राकडे आहे, हे खरे आहे. राज्यांच्या सीमा संसद साध्या कायद्याने बदलू शकते. राज्याचे मत विचारावे लागते, पण ते मानावेच असे बंधन नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अशाच कायद्यांनी अस्तित्वात आले. केंद्राला इतके बळ का दिले? १९४७ ची फाळणी नुकतीच झाली होती. पाचशेहून अधिक संस्थाने देशात सामील करून घ्यायची होती. देश एकत्र राहील की नाही, अशी काळजी होती. पण घटना समितीत सर्वांचे मत सारखे नव्हते. प्रसिद्ध उर्दू शायर आणि स्वातंत्र्यसैनिक मौलाना हसरत मोहानी तिचे सदस्य होते. भारत हे खऱ्या अर्थाने प्रजासत्ताकांचे संघराज्य असावे, असा आग्रह त्यांनी धरला. समितीने तो मान्य केला नाही. पण केंद्राकडे किती सत्ता असावी, हा प्रश्न आजही विचारला जातो.

केंद्र आणि राज्य यांच्यातील वादाची बातमी वर्तमानपत्रात अनेकदा येते. अशी बातमी वाचताना आपल्या आवडीचा पक्ष कोणता, हे क्षणभर बाजूला ठेवा. हा विषय कोणत्या सूचीत आहे आणि याबद्दल घटनेत काय लिहिले आहे, हे आधी शोधा. राज्यघटना मराठीत आणि उर्दूतही उपलब्ध आहे. ती उघडून पाहणे हे प्रत्येक नागरिकाचे काम आहे.