अकरा महिन्यांची वाट

श्रीलंकेवर संकटे एकेकटी आली नाहीत. २०१९च्या ईस्टरला चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले आणि पर्यटक फिरकेनासे झाले. वर्षअखेरीस नव्या सरकारने व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणून स्वतःच तिजोरी आटवली. मग कोरोना आला. २०२१मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद झाली आणि भाताचे पीक घसरले. युक्रेन युद्धाने तेल भडकले, तेव्हा गंगाजळीत डॉलर उरलेच नव्हते.

जगाने या काळात हात आखडता घेतला होता, असे नाही. पण २०२०मध्ये जी-२०ने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली ती गरीब देशांना. श्रीलंका मध्यम उत्पन्नाची, म्हणून दाराबाहेर. ऑगस्ट २०२१मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ६५० अब्ज डॉलरचे एसडीआर (सदस्य देशांना मिळणारे राखीव चलन-हक्क) वाटले, तेही कोट्याप्रमाणे. श्रीलंकेला मिळाले सुमारे ७८.७ कोटी. जानेवारी २०२२मध्ये कोलंबोने रोखेधारकांचे ५० कोटी डॉलर मात्र चुकते केले. ते पैसे औषधांसाठी राखायला हवे होते, असे मला आजही वाटते.

नाणेनिधीकडे जायला सरकारने उशीर लावला, हेही खरेच. १२ एप्रिल २०२२ला परकीय कर्जाची फेड थांबली. नाणेनिधीचे सुमारे ३ अब्ज डॉलर मंजूर झाले २० मार्च २०२३ला. मधल्या अकरा महिन्यांतले बरेचसे गेले ते धनको देशांकडून कर्जसवलतीची हमी गोळा करण्यात. भारताने ती जानेवारी २०२३मध्ये सर्वांत आधी दिली. चीनची मार्चमध्ये आली. दरम्यान सप्टेंबर २०२२मध्ये महागाई ७० टक्क्यांच्या घरात पोचली होती. पेट्रोलच्या रांगेत ताटकळत म्हाताऱ्या माणसांनी जीव सोडला होता.

२०२२मध्ये चूल पेटती राहिली ती मुख्यतः शेजाऱ्याच्या उधारीवर. जानेवारीत भारताने ४० कोटी डॉलरची चलन-अदलाबदल केली, फेब्रुवारीत इंधनासाठी ५० कोटींचे कर्ज दिले, मार्चमध्ये अन्न-औषधांसाठी १ अब्जाचे. वर्षभरात हा आकडा ४ अब्जांच्या आसपास गेला. निर्णय एकाच राजधानीत व्हायचा होता, म्हणून तो वेळेत झाला.

किंमत आधी सामान्य माणसाने मोजली: विजेचे दर ऑगस्ट २०२२मध्ये ७५ टक्क्यांनी वाढले, फेब्रुवारी २०२३मध्ये पुन्हा ६६ टक्क्यांनी. भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या पुढाकारातल्या धनको देशांशी करार झाला जून २०२४मध्ये. खासगी रोखेधारकांनी आपल्या येण्याच्या काही भागावर पाणी सोडले ते त्याहून नंतर, डिसेंबरात.