माथेरानच्या डोंगरावरचं करसनदासांचं वाचनालय

कर्जत तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी सर्वांत उंचावरचं निवडलं : माथेरानचं करसनदास मुळजी नगरपालिका वाचनालय. घोडा, पॉइंट आणि चिक्की यांसाठी येणाऱ्या गर्दीला ते सहसा ठाऊक नसतं. मला मात्र आधी त्या नावानेच थांबवलं.

माथेरानचा इतिहास सर्वांना माहीत आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 च्या मे महिन्यात खालापूर तालुक्यातल्या चौकहून डोंगर चढले आणि मुंबईकरांना थंड हवेची जागा सापडली. पुढे पीरभॉय कुटुंबाने नेरळहून रूळ टाकले; 1907 मध्ये छोटी गाडी वर पोहोचली. मुंबईच्या धनिकांनी बंगले बांधले.

करसनदास त्याच मुंबईचे, पण धनिकांच्या रोषाला न घाबरणारे. 1832 साली कपोळ वाणी घरात जन्मलेल्या या मुलाने विधवाविवाहावर निबंध लिहिला आणि सांभाळणाऱ्या नातलग बाईंनी त्याला घराबाहेर काढलं. 1855 मध्ये त्यांनी ‘सत्यप्रकाश’ हे गुजराती साप्ताहिक काढलं. 1860 मध्ये त्यात ‘महाराज’ म्हणवणाऱ्या वैष्णव धर्मगुरूंच्या अनाचारावर लेख छापला. त्यांच्यापैकी जदुनाथजी महाराजांनी अब्रूनुकसानीबद्दल पन्नास हजारांचा दावा लावला. 1862 मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खटला चालला. आपले डॉ. भाऊ दाजी लाड यांनी करसनदासांच्या बाजूने साक्ष दिली. जातीचा बहिष्कार पुढ्यात असतानाही संपादक हटला नाही. न्यायालयाने लेखातला मुख्य आरोप खरा मानला आणि करसनदासांना साडेअकरा हजार रुपये खर्च मिळाला. अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, 1871 मध्ये, ते गेले. अशा माणसाचं नाव वाचनालयाला असणं हा माथेरानचा मोठा मान आहे.

पण या डोंगरावर कागद टिकवणं फार कठीण. जून ते सप्टेंबर इथे धुकं दारातून थेट घरात येतं. हवेतला ओलावा पासष्ट-सत्तर टक्क्यांवर राहिला की कागदावर बुरशी धरते. बांधणीतली खळ किड्यांना आवडते. कसर तीच आधी खाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कागद तर लाकडाच्या लगद्याचा, त्यात तुरटीचं आम्ल; तो स्वतःच पिवळा पडून तुटत जातो. आपल्याकडे पोथ्या बासनात घट्ट बांधत, त्यात वेखंड किंवा कडुलिंबाचा पाला ठेवत. तशीच काळजी आजही घ्यावी लागते : भिंतीला टेकून कपाट नको, खालचा कप्पा जमिनीपासून वर हवा, पुस्तकं दाटीने कोंबू नयेत. ओलं पुस्तक उन्हात टाकू नये, सावलीत वाऱ्यावर वाळवावं. पावसाळाभर हे रोजचं काम आहे आणि त्याला माणूस लागतो.

तो माणूस टिकवणं हीच खरी अडचण. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार येत नाही. 2003 पासून माथेरान पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. ते योग्यच. पण त्यामुळे लोखंडी कपाट असो की पुस्तकांचा गठ्ठा, शेवटचा टप्पा महाग पडतो. छोट्या नगरपरिषदेला पाणी, कचरा आणि रस्ते यांतून पुस्तकांसाठी आणि त्या माणसासाठी पैसा काढावा लागतो. सुटीत गावात माणसं मावत नाहीत, पण ती वाचायला येत नाहीत. कायमचा वाचक म्हणजे इथली मुलं. त्यांच्या हातात आता फोन आहे.

मला वाटतं, जुनी आणि दुर्मीळ पुस्तकं आधी वेगळी काढून त्यांची नीट यादी करावी, त्यांचं स्कॅनिंग मुंबईच्या एखाद्या ग्रंथसंस्थेच्या मदतीने करावं आणि मुलांसाठी नवी पुस्तकं दरवर्षी आणावीत. ‘सत्यप्रकाश’च्या खटल्याची माहिती मराठीत एका फलकावर लावायला तर फारसा पैसाही लागत नाही. आणि वाचकहो, पुढच्या वेळी माथेरानला जाल तेव्हा एक चांगलं मराठी पुस्तक सोबत न्या, वाचनालयात विचारून ते तिथे द्या आणि तासभर तिथेच बसून वाचा.