केराटोकोनस : शस्त्रक्रियात्मक उपचारांचे पर्याय आणि त्यांचा क्रम

प्रस्तावना

मानवी डोळ्याच्या पुढील बाजूस घड्याळाच्या काचेप्रमाणे बसलेला जो पारदर्शक पडदा असतो, त्यास स्वच्छमंडल असे म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात तो ‘कॉर्निया’ या नावाने, तर बोलीभाषेत ‘बुबुळ’ या सैल अर्थाच्या शब्दाने ओळखला जातो. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशकिरणांच्या एकूण वक्रीभवनापैकी सुमारे दोन तृतीयांश वक्रीभवन एकटे स्वच्छमंडल घडवून आणते. साहजिकच त्याच्या आकारात थोडासा बिघाड झाला तरी दृष्टीवर त्याचा मोठा परिणाम होतो.

केराटोकोनस या विकारात स्वच्छमंडल हळूहळू पातळ होत जाते आणि त्याचा घुमटासारखा आकार जाऊन त्यास शंकूसारखा फुगवटा येतो. १८५४ मध्ये इंग्लंडमधील जॉन नॉटिंगहॅम यांनी या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर जवळजवळ दीड शतक या विकाराची वाढ थांबविण्याचा कोणताही उपाय वैद्यकशास्त्राकडे नव्हता. गेल्या काही दशकांत मात्र हे चित्र बदलले आहे. आज अनेक शस्त्रक्रिया उपलब्ध आहेत; परंतु त्या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत असा समज करून घेणे चुकीचे ठरते. प्रत्येक शस्त्रक्रियेचा हेतू वेगळा, तिची वेळ वेगळी आणि तिच्या मर्यादाही वेगळ्या आहेत. प्रस्तुत लेखात या पर्यायांचा त्यांच्या क्रमासह आढावा घेण्यात आला आहे.

विकाराचे स्वरूप

निरोगी स्वच्छमंडलाची मध्यभागी जाडी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर असते. या जाडीचा सुमारे नव्वद टक्के भाग कोलॅजन तंतूंच्या थरांनी बनलेला असतो. हे तंतू एकमेकांशी घट्ट बांधलेले असल्यामुळे डोळ्यातील दाब सहन करूनही स्वच्छमंडल आपला आकार टिकवून ठेवते. केराटोकोनसमध्ये ही बांधणी सैल पडते. पातळ झालेला भाग आतील दाबामुळे पुढे येतो आणि पृष्ठभाग ओबडधोबड होतो. परिणामी सिलिंडरचा नंबर वाढत जातो, दिव्याभोवती फाटे फुटल्यासारखे दिसते, एकाच अक्षराच्या अनेक सावल्या दिसतात आणि चष्म्याने दृष्टी पूर्णपणे सुधारत नाही.

हा विकार बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या उंबरठ्यावर सुरू होतो आणि पस्तिशी-चाळिशीपर्यंत वाढत राहू शकतो. म्हणजेच शिक्षण, नोकरी आणि संसाराची उभारणी यांचा जो काळ, तोच या विकाराच्या वाढीचाही काळ होय. आनुवंशिकता हे त्याचे एक कारण आहे. डोळे सतत जोराने चोळण्याच्या सवयीशीही त्याचा निकटचा संबंध आढळतो. उष्ण व धुळीच्या हवामानात मुलांना होणारी डोळ्यांची दीर्घकालीन ॲलर्जी ही या सवयीचे उगमस्थान असते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात तीस वर्षांवरील व्यक्तींच्या पाहणीचे जे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत हे प्रमाण २.३ टक्के आढळले. ४८ डायॉप्टरपेक्षा अधिक वक्रता हाच निकष तेथे लावलेला असल्यामुळे या आकड्याची तुलना इतर देशांच्या आकड्यांशी सरळ करता येत नाही. तथापि, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८६ मध्ये नोंदविले गेलेले प्रमाण लाखामागे सुमारे ५४ एवढेच होते. निकषांतील फरक जमेस धरूनही, हा विकार आपल्याकडे दुर्मीळ मानता येणार नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

उपचारांची दोन उद्दिष्टे

केराटोकोनसच्या उपचारांत दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात. पहिला, विकार अजून वाढत आहे काय? दुसरा, रुग्णाला आज पुरेसे दिसते काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्षभराच्या अंतरातील स्वच्छमंडलाचे नकाशे ताडून मिळते. या तपासणीस टोपोग्राफी अथवा टोमोग्राफी असे म्हणतात. तिच्यात वक्रता व जाडी यांची बिंदूगणिक नोंद होते. दुसऱ्या प्रश्नावर चष्मा, कडक काँटॅक्ट लेन्स किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स हे उत्तर बहुसंख्य रुग्णांना पुरेसे ठरते. मात्र कोणतीही लेन्स विकाराची वाढ थांबवीत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली म्हणजे रुग्ण चष्मे बदलत राहतो आणि उपचाराची योग्य वेळ निघून जाते.

वाढ रोखणारी प्रक्रिया : क्रॉस-लिंकिंग

कोलॅजन क्रॉस-लिंकिंग ही प्रक्रिया जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झाली. थिओ झायलर, एबरहार्ड श्पोर्ल आणि ग्रेगोर वोलेन्झाक यांनी २००३ मध्ये तिचे रुग्णांवरील पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळ पद्धतीत स्वच्छमंडलाचा सर्वांत वरचा पेशीस्तर काढून त्यावर ०.१ टक्का रायबोफ्लेविन, म्हणजेच ब जीवनसत्त्वांपैकी एक, अर्धा तास थेंबाथेंबाने सोडले जाते. त्यानंतर आणखी अर्धा तास अतिनील-अ किरणांचा मोजका मारा केला जातो. रायबोफ्लेविन आणि किरण यांच्या प्रक्रियेतून कोलॅजन तंतूंमध्ये नवे रासायनिक बंध निर्माण होतात व स्वच्छमंडल ताठ होते. सैल विणीच्या खाटेला आडवे ताण देऊन ती घट्ट करावी, असेच काहीसे हे कार्य आहे. किरणांची तीव्रता वाढवून वेळ कमी करणाऱ्या पद्धतीही पुढे प्रचारात आल्या आहेत.

या प्रक्रियेची उपयुक्तता लहान वयात अधिक ठळकपणे दिसून येते. ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षे वयाच्या ६० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अठरा महिन्यांनंतर क्रॉस-लिंकिंग केलेल्या गटात ७ टक्के, तर केवळ नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात ४३ टक्के रुग्णांचा विकार वाढलेला आढळला. नेदरलँड्समध्ये ही प्रक्रिया रूढ झाल्यानंतर केराटोकोनससाठी होणारी प्रत्यारोपणे सुमारे एक चतुर्थांशाने घटली. अमेरिकेत तिला २०१६ मध्ये शासकीय मान्यता मिळाली.

तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. किरणांपासून आतील पेशींचे रक्षण व्हावे म्हणून मूळ पद्धतीत स्वच्छमंडलाची जाडी किमान ४०० मायक्रॉन असणे आवश्यक मानले जाते. त्याहून पातळ स्वच्छमंडलासाठी ते तात्पुरते फुगविणारे द्रावण वापरणे किंवा किरणांची मात्रा जाडीनुसार ठरविणे असे मार्ग निघाले आहेत; परंतु वेळेवर निदान होणे हाच यावरील खरा उपाय होय. प्रक्रियेनंतर काही दिवस वेदना होतात, काही आठवडे अंधूक दिसते आणि क्वचित जंतुसंसर्ग अथवा डाग उद्भवतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, क्रॉस-लिंकिंग चष्मा घालविण्यासाठी केले जात नाही. काही रुग्णांत वक्रता थोडी कमी होते. पण असलेली दृष्टी राखणे हेच तिचे मुख्य प्रयोजन आहे. ही गोष्ट आधी समजावून न सांगितल्यास रुग्णाच्या पदरी निराशा येते.

आकार सुधारणाऱ्या शस्त्रक्रिया

काँटॅक्ट लेन्स सहन होत नाही, परंतु स्वच्छमंडलाचा मध्यभाग अजून पारदर्शक आहे, अशा रुग्णांसाठी वलयखंडांचे रोपण हा पर्याय आहे. फ्रान्समधील जोसेफ कोलँ यांनी १९९७ मध्ये, मूळच्या लघुदृष्टीसाठी बनविलेल्या ‘इंटॅक्स’ या प्लॅस्टिकच्या अर्धवर्तुळाकार खंडांचा वापर केराटोकोनससाठी केला. ब्राझीलमध्ये पाउलो फेरारा यांनी अशाच प्रकारचे खंड विकसित केले. स्वच्छमंडलाच्या थरांमध्ये लेसरने किंवा हत्याराने बोगदा करून त्यात हे खंड सरकविले जातात. त्यामुळे मधला उंचवटा ताणला जाऊन सपाट होतो. हे खंड पुढे काढून टाकता येतात, हा त्यांचा मोठा गुण. तर काही डोळ्यांत ते वर सरकून बाहेर येऊ शकतात, हा दोष. या दोषावर उपाय म्हणून चेन्नई येथील डॉ. सूसन जेकब यांनी प्लॅस्टिकऐवजी दान केलेल्या स्वच्छमंडलाच्या ऊतकाचे खंड वापरण्याची पद्धत विकसित केली व २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

निवडक रुग्णांत पृष्ठभागाच्या नकाशानुसार अत्यल्प लेसर फिरवून त्यासोबत क्रॉस-लिंकिंग केले जाते. विकार स्थिरावल्यावर डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढे कायमस्वरूपी भिंग बसविण्याचाही मार्ग आहे. मात्र पृष्ठभागाचा ओबडधोबडपणा आतील भिंगाने दूर होत नाही.

येथे एक इशारा देणे आवश्यक ठरते. नोकरीतील भरतीसाठी अथवा लग्नापूर्वी चष्मा घालविण्याच्या इच्छेने अनेक तरुण लेसिक शस्त्रक्रियेकडे वळतात. या शस्त्रक्रियेत स्वच्छमंडल आणखी पातळ केले जाते. केराटोकोनस असताना ती केल्यास विकार झपाट्याने वाढतो. म्हणून टोपोग्राफीशिवाय लेसिकचा विचारही करू नये.

प्रत्यारोपण

स्वच्छमंडलावर दाट व्रण पडला असेल किंवा ते अतिशय पातळ झाले असेल, तर प्रत्यारोपण हाच मार्ग उरतो. ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे, चुन्याने भाजलेल्या एका रुग्णावर पूर्ण जाडीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. केराटोकोनससाठी ही शस्त्रक्रिया १९३६ मध्ये रामोन कास्त्रोविएहो यांनी केली. पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणात रुग्णाच्या स्वच्छमंडलाची मधली चकती कापून तेथे दात्याची चकती अतिसूक्ष्म टाक्यांनी शिवली जाते. केराटोकोनसच्या रुग्णांत या शस्त्रक्रियेचे यश इतर अनेक विकारांच्या तुलनेत चांगले असते. तरीही टाके वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ राहतात, सिलिंडरचा नंबर उरतो आणि शरीराने परके ऊतक नाकारण्याची शक्यता आयुष्यभर राहते.

केराटोकोनसमध्ये स्वच्छमंडलाचा सर्वांत आतील पेशीस्तर बहुधा निरोगी असतो. हा स्तर पाणी बाहेर फेकून स्वच्छमंडल पारदर्शक ठेवतो आणि त्यातील पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. मग तो बदलावाच कशासाठी, या प्रश्नातून खोल स्तरीय प्रत्यारोपणाची पद्धत पुढे आली. तीत केवळ विकृत थर काढून आतील स्तर जागेवर ठेवला जातो. २००२ मध्ये मोहम्मद अन्वर व क्लाउस टाइशमन यांनी हवेचा मोठा बुडबुडा सोडून हे थर अलग करण्याचे तंत्र मांडले आणि ही शस्त्रक्रिया अधिक सुकर झाली. रुग्णाचाच आतील स्तर टिकून राहत असल्यामुळे सर्वांत घातक प्रकारचा अस्वीकार येथे टळतो. शस्त्रक्रियेदरम्यान आतील पातळ पडदा फाटल्यास मात्र पूर्ण जाडीचे प्रत्यारोपण करावे लागू शकते. ज्या रुग्णांत हा पडदा पूर्वीच फाटून स्वच्छमंडलात अचानक पाणी भरलेले असते, त्यांच्यातही ही पद्धत अवघड ठरते.

प्रत्यारोपणानंतर डोळा लाल होणे, प्रकाश सहन न होणे, दृष्टी अंधूक होणे किंवा वेदना होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. अस्वीकाराची प्रक्रिया लवकर ओळखली तर औषधाने ती बहुतेकदा आवरता येते. डोळे चोळण्याची सवय मात्र प्रत्येक टप्प्यावर सोडावीच लागते. अन्यथा कोणत्याही शस्त्रक्रियेचे फळ टिकत नाही.

नेत्रदानाशी असलेला संबंध

प्रत्यारोपणाचा प्रत्येक निर्णय अखेर दात्यावर अवलंबून असतो. भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ मध्ये मद्रास येथे स्थापन झाली. मृत्यूनंतर साधारणतः सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मधुमेह हे सहसा त्यास अडथळे ठरत नाहीत. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. क्रॉस-लिंकिंगमुळे टळलेले प्रत्येक प्रत्यारोपण म्हणजे प्रतीक्षायादीतील दुसऱ्या एखाद्या अंध व्यक्तीसाठी उपलब्ध झालेले स्वच्छमंडल होय. या दृष्टीने लवकर निदान हा केवळ एका रुग्णाच्या हिताचा प्रश्न राहत नाही.

समारोप

केराटोकोनसच्या शस्त्रक्रियांचा क्रम थोडक्यात असा सांगता येईल : विकार वाढत असेल तर प्रथम तो थांबवावा, थांबल्यावर दृष्टी लेन्सने आणि गरज पडल्यास आकार सुधारणाऱ्या शस्त्रक्रियेने वाढवावी, स्वच्छमंडल वाचविण्यापलीकडे गेले असेल तरच ते बदलावे. हा क्रम पाळता येणे किंवा न येणे हे निदानाच्या वेळेवर ठरते. वर्षातून दोनदा नंबर बदलणारा, पहिल्या बाकावर बसूनही फळा न वाचता येणारा, सतत डोळे चोळणारा विद्यार्थी शिक्षकांच्या व पालकांच्या नजरेस नेत्रतज्ज्ञाच्या आधी पडतो. त्यास नवा चष्मा देण्यापूर्वी एकदा स्वच्छमंडलाचा नकाशा काढून घेतला, तर अर्ध्या-एक तासाच्या प्रक्रियेने जे साधते, त्यासाठी पुढे दात्याच्या डोळ्याची वाट पाहावी लागणार नाही.