भाताची पाळ, वरणाचे तळे

भंडाऱ्याकडच्या मोहाडी तालुक्यातल्या कुठल्याही गावात पंगतीला बसलेल्या माणसाचा हात पाहावा. पळसाच्या पत्रावळीवर भात पडला की तो बोटांनी त्याला चहूकडून पाळ घालतो, मधोमध खळगा करतो आणि वरणवाल्याची वाट पाहत बसतो. वरण आले की त्या खळग्याचे तळे होते. पाळ कच्ची राहिली तर वरण पानांच्या सांध्यातून निसटते आणि खाली सतरंजीवर येते, म्हणून शेजारचा म्हातारा लहान पोराची पाळ आपल्या बोटाने नीट करून देतो. हा मुलूख धानाचा आणि तलावांचा. बांधीचे धुरे आणि तलावाची पाळ ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्यांच्या हाताला हे शिकवावे लागत नाही. अशा माणसाला, आयुष्यात सगळ्यात लक्षात राहिलेले जेवण कोणते, असे विचारले तर तो पदार्थाचे नाव आधी घेत नाही. अमक्याच्या लग्नातली पंगत, नवरात्रातला चौंडेश्वरीचा प्रसाद, मंडईच्या जत्रेदिवशी मामाच्या घरचे जेवण, रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर सोडलेली शिदोरी असे काही तो सांगतो. भाजी कशाची होती हे त्याला बरेचदा मागून आठवते, आणि कधी आठवतही नाही. हा भाबडेपणा नाही. जेवण लक्षात का राहते, याचे खरे कारण या उत्तरातच आहे.

आपली भाषाही हेच सांगते. मराठीत जेवणांना दिलेली नावे एकदा ओळीने आठवून पाहावीत: केळवण, डोहाळजेवण, मावंदे, पारणे, तेरावे, गावजेवण, वनभोजन, शिदोरी. यांतल्या एकाही शब्दात काय खाल्ले याचा पत्ता नाही. कोणासाठी, कोणत्या निमित्ताने, कोणाबरोबर, कुठे बसून एवढेच त्यात आहे. केळवणाला पुरणपोळी असो की साधा वरणभात, ते केळवणच असते, कारण मुलगी किंवा मुलगा आता दुसऱ्या संसारात पाऊल टाकणार, हा त्यातला मुख्य पदार्थ. मावंद्याचे जेवण यात्रेहून सुखरूप परतलेल्या माणसाभोवती उभे राहते. ज्या समाजाने जेवणाला पदार्थापेक्षा प्रसंगाने हाक मारली, त्याची आठवणही तशीच घडते. जेवण हे माणसांमधल्या नात्याचे काम आहे. चव त्या कामाला मदत करते, पण ते काम चवीवाचून अडत नाही.

याला सर्वांत कडक पुरावा भुकेच्या काळातला. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या महाराष्ट्रातल्या पिढीला विचारले तर सुकडी आणि मिलो हे दोन शब्द हमखास निघतात. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिच्या भाकरीला कोणी चविष्ट म्हटलेले नाही. सुकडी, म्हणजे कामावर वाटला जाणारा कोरडा खाऊ, तिचीही तीच गत. तरी पन्नास वर्षांनंतर, त्यानंतरच्या कितीतरी गोडधोड जेवणांचा मागमूस उरला नसताना, त्या भाकरीचा रंग लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. आणखी मागे जायचे तर पानिपत आहे. जानेवारी १७६१मध्ये मराठ्यांच्या छावणीत अन्नाची नाकेबंदी झाली होती. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे ठरल्यावर उरलेसुरले धान्य फौजेत वाटण्यात आले, म्हणजे लढाईच्या आदल्या रात्री प्रत्येकाला एकवेळ पोटभर मिळावे, असे काशीराज पंडिताच्या बखरीत आहे. त्या रात्री काय शिजले याची नोंद शोधायला कोणी जात नाही. सगळ्यांनी मिळून एकदा पोटभर खाल्ले आणि पहाटे रणात उतरले, एवढेच अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकले.

परदेशातली दोन उदाहरणे याला जोडून पाहण्यासारखी आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालायचे, हे त्याला शोधायचे होते. काही आठवड्यांतच त्या तरुणांच्या बोलण्यातले बाकीचे विषय आटले आणि ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, पदार्थांची वर्णने जमवू लागले. त्याच युद्धात तेरेझिनच्या नाझी छावणीत कैद असलेल्या ज्यू स्त्रियांनी मिळेल त्या कागदावर आपल्या घरच्या पाककृती लिहून ठेवल्या. ते हस्तलिखित १९९६मध्ये पुस्तकरूपाने छापले गेले. पोटात अन्न नसताना या बायका आपल्या आईच्या, आजीच्या हातचे केक आणि भाज्या एकमेकींना सांगत होत्या, आणि लिहिताना प्रमाणावरून एकमेकींशी वादही घालत होत्या. छावणीने त्यांचे घर हिरावले होते. पाककृती लिहिणे म्हणजे त्या घरात परत जाऊन चुलीशी उभे राहणे होते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. चव आणि वास यांना इतके कमी लेखता येईल का? भंडाऱ्याकडच्या चिन्नोर तांदळाचा भात शिजत असला की वास चार घरे सोडून जातो. दुसऱ्या मुलखात वर्षे काढलेल्या इथल्या माणसाला तो वास एका क्षणात अंगणात आणून सोडतो. हे खरे आहे, आणि त्याला शरीराचा आधारही आहे. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर जाते. वासाची वाट मात्र तिथे न थांबता भावना आणि आठवणी जिथे घडतात त्या भागांकडे थेट उतरते. म्हणून वासाने जागी झालेली आठवण शब्दांच्या आधी येते आणि गळा दाटवून जाते. सुवासिक तांदळातला तो वास मुख्यत्वे एका रेणूचा असतो आणि तोच रेणू केवड्याच्या जातीतल्या अंबेमोहोर पानातही सापडतो, जे कोकणात भातात घालतात. पण हा रेणू सगळ्या सुवासिक तांदळांत सारखाच असूनही प्रत्येकाला नेतो वेगवेगळ्या अंगणात. वास दार उघडतो हे कबूल. दाराच्या आत काय ठेवलेले आहे, ते मात्र तिथे बसलेल्या माणसांनी ठरवलेले असते.

दुसरा आक्षेप आठवणीच्या खरेपणावर आहे. मनाला मागचे दिवस गोडच दिसतात. तेव्हाच्या पंगतीतले माशांचे थवे, अर्धा कच्चा राहिलेला भात, उन्हात तासभर ताटकळणे हे सारे मन गाळून टाकते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३च्या सुमारास दाखवून दिले की एखादा अनुभव आठवताना माणूस त्यातल्या प्रत्येक मिनिटाची बेरीज करत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, या दोहोंवरून तो अनुभवाचे मोल ठरवतो. म्हणजे आठवण खोटी नसते, ती निवडक असते. आणि निवड काय झाली हे पाहणेच आपल्याला उपयोगाचे आहे. पंगतीतला तीव्र क्षण कोणता, तर भूक ताणली गेल्यावर पहिला घास तोंडात जाण्याचा. शेवट कोणता, तर 'आता पुरे' म्हणत पत्रावळीवर आडवा हात धरलेला असताना वाढप्याने बोटांच्या फटीतून आग्रहाची बुंदी सोडण्याचा. दोन्ही क्षण दुसऱ्या माणसावाचून घडत नाहीत. पहिल्यात आपण सगळ्यांना वाढून होण्याची वाट पाहिलेली असते आणि दुसऱ्यात कोणाला तरी आपण आणखी खावे असे मनापासून वाटलेले असते.

पण या पंगतीचे गुणगान करताना सर्वांत मोठा आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या पंगतीने कित्येकांना सुखाची आठवण दिली, तिनेच कित्येकांना अपमानाची दिली. गावजेवणात कोणाची पंगत आधी, कोणाची शेवटी, कोणाला मांडवाबाहेर, कोणाला नुसते टोपलीत घालून घरी पाठवायचे, हे जातीवर ठरत होते. ज्याला उठवले गेले त्यालाही ते जेवण मरेपर्यंत आठवते. मराठीतल्या दलित आत्मकथनांनी अशा जेवणांची साक्ष नोंदवून ठेवली आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्याने मूळ म्हणणे खोडले जात नाही, उलट ते आणखी पक्के होते. त्या माणसाला अन्न वाईट होते म्हणून दुखले नाही. अन्न तेच होते, रांग वेगळी होती.

म्हणूनच समाज बदलू पाहणाऱ्यांना आणि त्यांना अडवणाऱ्यांना, दोघांनाही, झगडा कुठे आहे हे ठाऊक होते. १८९०मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. तिथे हजर असलेल्यांची नावे छापून आली, त्यांत टिळक आणि रानडे यांचीही नावे होती, आणि प्रकरण ग्रामण्यापर्यंत, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादापर्यंत, शंकराचार्यांच्या दारापर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत गेले. चहाचा एक पेला महाराष्ट्राच्या इतिहासात जाऊन बसला, कारण तो कोणाच्या घरी पुढे आला याला महत्त्व होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन सर्वांदेखत चहा घेत, तोही याच कारणासाठी. विदर्भात डेबूजी, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, यांनी मुलीच्या बारशाला मटण आणि दारूच्या प्रथेला फाटा देऊन गोडाचे जेवण घातले. नातलग रागावले, पण ते जेवण आजही बाबांच्या प्रत्येक चरित्रात आहे. नुसत्या एका पंगतीत बसल्याने जात मोडत नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६च्या 'अनायहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये स्पष्ट बजावले होते. त्यांच्या मते खरा उपाय आंतरजातीय विवाह हा होता. ते बरोबरच आहे. सहभोजन हे बदलाचे शेवटचे पाऊल नव्हे. पण एका रांगेत बसण्याचीच तयारी नसेल, तर पुढचे पाऊल पडायचे कुठून?

आता गावागावांत पंगतीची जागा बुफेने घेतली आहे. मोहाडीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी लॉन झाले, केटरर आले, पदार्थांची संख्या वाढली. कोणी म्हणेल, यात वाईट काय? बायकांची चुलीपुढची मरमर वाचली, वाढप्यांची धावपळ थांबली, आणि बुफेच्या रांगेत जात विचारली जात नाही. शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे आणि त्यासाठी बुफेचे आभारच मानले पाहिजेत. तरी हेही खरे की बुफेत माणूस आपले ताट आपण भरतो, कोपरा गाठतो आणि दहा मिनिटांत मोकळा होतो. कोणी वाट पाहत नाही, कोणी आग्रह करत नाही, शेजारी कोण उभे आहे हे कळतही नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जे लोक इतरांबरोबर वरचेवर जेवतात ते अधिक समाधानी असतात आणि गरजेला धावून येणारी माणसे त्यांच्याजवळ अधिक असतात, असे आढळले. ज्या जेवणात हसणे आणि जुन्या आठवणी निघणे होते, ते माणसांना अधिक जवळ आणते, असेही त्यात दिसले. उभ्याने, एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून हे साधत नाही. कष्ट बायकांच्याच वाट्याला येत होते हा पंगतीचा दोष होता; त्यावर उपाय कष्ट वाटून घेणे हा आहे. गावच्या महाप्रसादात तो उपाय पूर्वीपासून आहे. तिथे भाताचे मोठे गंज पुरुष उतरवतात, स्वच्छ कापडावर वाफाळत्या भाताची रास लावतात, वांग्याची भाजी बादल्यांत भरून पोरे रांगेतून धावतात, आणि वाढणारा सगळ्यांच्या शेवटी जेवतो.

जुन्या पंगतीतला दोष काढून तिचा गुण राखणारी एक जागा आज रोज चालू आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती म्हणजे शाळेचा व्हरांडा. १५ ऑगस्ट १९९५ला देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली आणि २८ नोव्हेंबर २००१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले गरम अन्न देणे राज्यांवर बंधनकारक झाले. तेव्हापासून जिल्हा परिषदेच्या शाळांत सगळ्या जातींची, सगळ्या घरांची पोरे दुपारी एका ओळीत मांडी घालून बसतात आणि एकाच पातेल्यातली खिचडी खातात. खिचडीबद्दल तक्रारी होतात, कधी ती पातळ असते, कधी डाळ कमी पडते, आणि त्या तक्रारी झाल्याच पाहिजेत. पण आणखी तीस वर्षांनी त्या पोरांना लक्षात राहिलेले जेवण विचारले, तर त्यांतली बरीच जण ती ओळ सांगतील, आणि ताट घासताना कोणी कोणावर पाणी उडवले हेही सांगतील. म्हणून पालकांनी महिन्यातून एकदा तरी शाळेत जावे, पोरांच्या ओळीत बसून तेच जेवावे आणि डाळ पातळ असेल तर तिथेच बोलावे. आणि गावच्या पुढच्या महाप्रसादाला गेलात तर आधी पंगतीला बसू नका. कमरेला उपरणे किंवा ओढणी घट्ट बांधा, वरणाची बादली हातात घ्या आणि ज्याची पाळ अजून बांधून व्हायची आहे, त्याच्यासाठी क्षणभर थांबून मग वाढा.